अख्खी बस उठली होती

यॉर्कशायरमधल्या थॉर्नली गावात मंगळवारी दुपारी म्हातारी माणसं बाजारचौकात उभी राहत आणि जिथं काहीच नव्हतं अशा जागांकडे बघून हसत. औषधांच्या दुकानापुढच्या मोकळ्या फरशीवर एक आजोबा सुट्ट्या नाण्यांसाठी खिसे चाचपत. तिथं एके काळी टेलिफोनचा लाल डबा होता. एक बाई स्वतःच्याच दाराच्या पायरीवर वाकून बघे. तिच्या लहानपणी त्या पायरीवर रोज सकाळी दुधाच्या काचेच्या बाटल्या ठेवलेल्या असत आणि निळ्या डोक्याची पाखरं त्यांची चंदेरी टोपणं टोचून साय खात. बाकावर बसलेले दोघं, वर्तमानपत्रात गुंडाळलेले गरम तळलेले मासे खाऊन झाल्यासारखी, बोटं चाटून कोटाला पुसत. परक्या माणसाला वाटावं, सगळं गावच वेडं झालंय. पण ही माणसं वेडी नव्हती. ती नुकतीच उजळणी करून आलेली होती.

उजळणीला इंग्रजीत भलंमोठं वैद्यकीय नाव होतं. तिकडच्या मराठी मंडळींनी ते मोडून हा सुटसुटीत शब्द केला. एकविसाव्या शतकाच्या चाळिशीत एकटेपणानं खचलेल्या म्हाताऱ्यांनी दवाखाने भरून गेले, तेव्हा सरकारनं पंचाहत्तरीपुढच्या सगळ्यांना ही सोय फुकट दिली. डोक्यावर जाळीची टोपी घालून आरामखुर्चीत पडायचं आणि तासभर हरवलेल्या काळात फिरून यायचं. शास्त्रज्ञांना वाटलं होतं, लोक आपलं लग्न मागतील, मेलेली आई मागतील. लोकांनी मागितली ती साधीसुधी चीजवस्तू. कोळसेवाल्याचं पोतं तळघरात पडतानाचा धप्प आवाज. मीटरमध्ये नाणं सरकवल्यावर भप्पकन पेटणारी गॅसची शेगडी. छातीवर तिकिटांचं यंत्र लटकवून ‘आत सरका, आत सरका’ म्हणत फिरणारा बसचा कंडक्टर. आईला निरोप देता आला होता. या गोष्टी कधी गेल्या ते मात्र कोणाला कळलंच नव्हतं, आणि म्हणूनच त्यांचं दुःख करायचंही राहून गेलं होतं.

उजळणीनं माणसं टवटवीत झाली. झोपेच्या गोळ्या सुटल्या, विसरभोळेपणा लांबला. थॉर्नलीतल्या एकूण एक पात्र माणसानं ती घेतली. घेतली नाही ती फक्त रत्नमाला उजागरेंनी.

रत्नमालाबाई मूळच्या अहमदनगरच्या. मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकून विसाव्या वर्षी त्या इंग्लंडला आल्या आणि थॉर्नलीच्या रुग्णालयात, अपघात विभागात, त्यांनी सगळी नोकरी काढली. आता सत्त्याऐंशी वर्षं झाली होती. गुडघे गेले होते, जीभ जागेवर होती. उजळणीचं बोलावणं आलं की त्या म्हणत, “माझ्या डोक्यात काय आहे ते मला ठाऊक आहे. ते कोणी उजळवून द्यायला नको.”

त्यांचे यजमान भास्करराव मात्र जात. त्यांना न्यायला नको म्हणण्याची हिंमत बाईंना झाली नव्हती, आणि त्याला कारण होतं. भास्कररावांनी तरुणपणी थॉर्नलीच्या बसवर कंडक्टरची नोकरी केली होती. त्या नोकरीतल्या एका शनिवारानं त्यांना पुढं जन्मभर छळलं. झोपेत ते दोन्ही हात छातीशी घट्ट धरून ओरडत. दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर ते पुन्हा कधी चढले नाहीत. अलीकडे तर त्यांनी बोलणंच टाकलं होतं; खिडकीशी बसून राहत, घास तोंडात घेऊन विसरत. उजळणी सुरू झाली आणि दीड-दोन महिन्यांत माणूस पालवला. एके सकाळी ते दाढी करताना शीळ घालत होते. बाई स्वयंपाकघरात उभ्या राहून ती शीळ ऐकत राहिल्या, आणि दूध उतू गेलं तरी त्यांना भान नव्हतं.

मग भास्करराव बोलू लागले. तिकिटाच्या यंत्राचा दांडा फिरवला की कसा कर्र आवाज येई, थंडीत बसच्या खिडक्यांवर पोरं बोटानं नावं कशी लिहीत, बायका नाणं हातावर ठेवून ‘थँक यू, लव्ह’ कशा म्हणत. बाई ऐकत. त्यांच्या आठवणीत पहिली दोन वर्षं निम्म्या बायका नाणं सीटवर ठेवायच्या, या माणसाच्या तळहाताला बोट लागू नये म्हणून. पण नवरा इतक्या वर्षांनी हसत होता. कशाला खोडा घालायचा, असं म्हणून त्या गप्प राहिल्या.

गप्प राहणं संपलं ते जसबीर आली तेव्हा.

जसबीर म्हणजे करनैल सिंगची मुलगी. साठी ओलांडलेली, बर्मिंगहॅमला शाळेत शिकवून निवृत्त झालेली. करनैल भास्कररावांच्याच डेपोत कंडक्टर होता, आणि त्यांचा जिवलग मित्र. त्याला जाऊन तीस वर्षं झाली होती. जसबीरनं संकोचत सांगितलं की तिला एकच गोष्ट विचारायची आहे. वडिलांचा डावा डोळा गेलेला होता. पोलिसांकडे लिहिलेलं होतं की ते दारू पिऊन बसच्या जिन्यावरून पडले. वडील त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. आई मात्र शेवटपर्यंत ते मनात धरून राहिली, आणि खरं सांगायचं तर मुलांनीही धरलं. आता डेपोच्या जागी गावानं ‘जुना रस्ता’ उभा केला होता, हरवलेल्या वस्तूंचं प्रदर्शन; तिथं जुन्या कर्मचाऱ्यांच्या नावांच्या पाट्या लागणार होत्या. आपले वडील दारुडे होते की नव्हते, एवढं तिला मरण्यापूर्वी कळायला हवं होतं.

बाईंनी भास्कररावांकडे पाहिलं. ही गोष्ट सांगायचा हक्क त्यांचा होता.

भास्करराव प्रेमळ हसले. “करनैल ना? फार गोड माणूस. गावी गेला तो नंतर, पंजाबात.”

“तो कुठं गेला नाही,” बाई म्हणाल्या. “तो इथंच वारला. तुम्ही खांदा दिलात.”

“असेल,” भास्करराव म्हणाले, आणि चहात बिस्कीट बुडवू लागले.

त्या दिवशी रत्नमालाबाईंनी जसबीरला सगळं सांगितलं. फुटबॉलचा सामना सुटल्यावर चार-पाच टारगट पोरं बसच्या वरच्या मजल्यावर चढली. तिकीट काढायला नकार दिला, भास्कररावांना नाही नाही ते बोलली, आणि दोघांनी त्यांना धरून गळ्यातलं यंत्र हिसकलं. करनैल कामावर नव्हता. घरी चालला होता, मागच्या सीटवर बसला होता. तो मधे पडला. पोरांनी तेच लोखंडी यंत्र पट्ट्याला धरून गरगर फिरवलं आणि त्याच्या तोंडावर मारलं. वरचा मजला माणसांनी भरलेला होता. एकही माणूस जागचा उठला नाही. दोघांना रुग्णालयात आणलं तेव्हा दुपारपाळीला बाई स्वतः होत्या. करनैलचा डोळा त्यांनीच धुतला, आणि त्याच्या तोंडाला दारूचा वास नव्हता हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. कंडक्टर माणूस साक्षीदार कुठून आणणार? पोरं गावातलीच होती. पोलिसांनी सोयीचं ते लिहिलं. बायको घाबरून नोकरी सोडायला लावील म्हणून खरं घरी सांगू नका, असं करनैलनं दोघांना बजावलं होतं. पट्टी सुटल्यावर करनैल पुन्हा कामावर आला आणि बसवरचे कंडक्टर बंद होईपर्यंत त्या एका डोळ्यानं त्यानं सगळ्या गावाला तिकिटं दिली.

जसबीरनं विचारलं, हे आणखी कोणाला आठवत असेल का. बाई म्हणाल्या, त्या बसचा ड्रायव्हर फ्रँक सग्डन अजून आहे. करनैलच्या अंत्यविधीला फ्रँक गुरुद्वाऱ्याच्या पायऱ्यांवर बसून रडला होता आणि म्हणाला होता की आरशात मला सगळं दिसत होतं, मी बस थांबवली नाही.

दोघी फ्रँककडे गेल्या. त्यानं त्यांना घरात घेतलं, केक दिला. करनैल? हो, झकास माणूस. मारामारी? छे, आमच्या बसवर कधी मारामारी झाली नाही. तो खोटं बोलत नव्हता. आयुष्यभर जखमा पाहिलेल्या बाईंना चेहरा वाचता येत होता. फ्रँकच्या चेहऱ्यावर लपवल्याची खूणही नव्हती. तिथं काही उरलेलंच नव्हतं.

थॉर्नलीचं उजळणी केंद्र डॉक्टर मृदुला खांडगे चालवत. कऱ्हाडची हुशार मुलगी. मेंदूविज्ञान शिकून इकडे आलेली, आणि बाईंना मावशी म्हणणारी. रविवारी ती जेवायला आली तेव्हा बाईंनी आमटी वाढायच्या आधीच विचारलं, “माझ्या नवऱ्याच्या डोक्यातून माणूस काढलास तू. कसा काढलास ते सांग.”

मृदुलानं हातातला चमचा खाली ठेवला. तिनं सांगितलं की आठवण म्हणजे पेटीत ठेवलेला फोटो नसतो. ती गुळाच्या ढेपेसारखी असते. आठवण काढली की ती वितळते आणि पाच-सहा तास मऊ राहते. मग पुन्हा घट्ट होते. या मऊ राहण्याच्या वेळेला तिचे सहकारी मृदुकाल म्हणत. मृदुकालात तिला जो आकार मिळेल तोच पुढं टिकतो. हे सगळ्यांच्याच मेंदूत, रोज, आपोआप चालू असतं.

“मग तुमचं यंत्र काय करतं?”

“साधे दिवस आपल्याला नीट आठवत नाहीत, मावशी. हजार सकाळींची मिळून एक पुसट सकाळ उरते. तेवढ्यावर माणसाला त्या काळात फिरवून आणता येत नाही. म्हणून आम्ही भोकं बुजवतो. गावातल्या सगळ्यांच्या आठवणी एकत्र करून त्यातलं जे जुळतं त्याचा एक साचा केलाय. ज्याची आठवण जिथं फाटकी असेल तिथं साच्यातला तुकडा जातो.”

“आणि जुळत नाही ते?”

“दुधाची बाटली सगळ्यांच्या दाराशी यायची. दगड थोड्यांच्याच खिडकीवर यायचा. सरासरी काढली की दगड गळून पडतो. आम्ही मुद्दाम नाही पाडत.”

बाईंनी आमटी वाढली. मग म्हणाल्या की करनैल म्हणजे दगड नव्हता, आणि तो परत हवा.

मृदुलाला वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं. तिनं एक उपाय सुचवला. जिची उजळणी झालेली नाही अशी गावात एकच आठवण शिल्लक होती, ती बाईंची. बाई खुर्चीत बसल्या तर ती उतरवून घेता येईल आणि साच्यात जोर देऊन घालता येईल. महिन्याभरात भास्करकाकांना करनैल आठवेल. फ्रँकला आठवेल. सगळ्या गावाला आठवेल.

“काय आठवेल?”

“तुम्ही पाहिलंत ते.”

“मी स्ट्रेचरवरचा करनैल पाहिला. ह्यांनी बसमधला पाहिला. डेपोत पत्ते खेळताना फसवणारा, माझ्या पहिल्या बाळंतपणात सूप घेऊन येणारा करनैल ह्यांचा होता. तू ह्यांना माझ्या डोळ्यांनी बघायला लावणार. आणि त्या दिवशी जे गावातच नव्हते तेही उद्या शपथेवर सांगणार की आम्ही तो डोळा धुतला.”

“खरी गोष्ट लोकांना कळेल, मावशी. तुम्हाला तेच हवंय ना?”

“कळू दे. माझ्या तोंडून कळू दे. ऐकलेल्या गोष्टीवर माणसाला विश्वास ठेवता येतो, नाहीतर नाही ठेवता येत. तुझ्या खुर्चीत ती सोय नाही.”

मृदुला हळू आवाजात म्हणाली, “तुम्ही जितक्या वेळा सांगाल तितक्या वेळा तुमचीही आठवण मऊ होईल. मृदुकाल तुम्हालाही सुटलेला नाही. सांगून सांगून तीही बदलेल.”

“बदलली तर जसबीर टोकेल मला. तुझ्या साच्याला टोकणारं कोण आहे?”

मृदुला जेवली आणि भांडी विसळून गेली.

पाट्यांसाठी नेमलेल्या समितीपुढं जसबीरनं रीतसर मागणी मांडली: वडिलांच्या पाटीवर, सहकाऱ्याला वाचवताना डोळा गमावला, असं लिहावं. समितीनं साक्षी घेतल्या. भास्करराव, फ्रँक आणि त्या मार्गावरचे आणखी काही जुने प्रवासी आले. सगळ्यांनी एकमेकांशी तंतोतंत जुळणाऱ्या गोड आठवणी सांगितल्या. मग रत्नमालाबाई उठल्या. त्यांचं ऐकून घेतल्यावर अध्यक्षबाईंनी अगदी आदरानं विचारलं की आपली उजळणी झालेली आहे का. नाही, असं उत्तर आल्यावर त्यांनी शेजारच्याकडे पाहिलं. नियमच होता: पंचाहत्तरीपुढच्या माणसाची न उजळलेली आठवण पुराव्यात धरायची नाही. अशा आठवणी एकमेकींशी जुळत नाहीत, हे सिद्ध झालेलं होतं.

“जुळत नाहीत कारण त्या वेगवेगळ्या माणसांच्या असतात,” बाई म्हणाल्या. पण तोवर पुढचं नाव पुकारलं गेलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून बाई सकाळी काठी टेकत जुन्या रस्त्याच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहू लागल्या. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगत: इथं करनैल सिंग नावाचा कंडक्टर होता, त्याचा डोळा असा असा गेला, बसमध्ये कोणी उठलं नाही. कोणी ऐके, कोणी घड्याळ बघे. एका बाईनं त्यांना कोट दिला, थंडी वाजत असेल म्हणून. बाईंनी कोट घेतला आणि बोलणं चालू ठेवलं. जसबीर बर्मिंगहॅमचं घर बंद करून त्यांच्याकडेच राहायला आली होती. ती शेजारी उभी राहून वडिलांचा फोटो दाखवे. गणवेशातला, पगडीवाला, डाव्या पापणीखाली खळगा पडलेला माणूस. थंडी सरली तरी दोघी हटल्या नाहीत.

आणि मग एका बुधवारी भास्करराव न्याहारी करता करता म्हणाले, “रत्ना, करनैलची गंमत आठवते का?”

बाईंच्या हातातली सुरी थांबली.

“एकदा वरच्या मजल्यावर काही टारगट पोरं चढली. तिकीट काढेनात. करनैल म्हणाला, बाळांनो, खाली उतरा. आणि काय सांगू, अख्खी बस उठली. बायका, म्हातारे, सगळे. पोरांना असं खाली उतरवलं. काय दिवस होते.” त्यांचे डोळे आनंदानं भरून आले होते.

त्याच आठवड्यात फ्रँकनं हीच गोष्ट सांगितली. मग वाणसामानाच्या दुकानातल्या बाईनं सांगितली, तिच्या बहिणीनं सांगितली. थॉर्नलीतल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला तो शनिवार आठवू लागला, आणि प्रत्येकाला आठवत होतं की आपण उठलो होतो. बाईंच्या पटकन ध्यानात आलं. फाटकाशी ऐकलेलं लोकांनी डोक्यात घालून केंद्रात नेलं होतं. साच्यानं ते घेतलं, जे जुळत नव्हतं ते टाकलं, आणि उरलेलं गोड करून घरोघर वाटलं. करनैल परत आला होता. तो आता गावाच्या भल्या वागण्याचा पुरावा झाला होता.

समितीनं एकमतानं पाटी मंजूर केली. वर करनैलचं चित्र आणि खाली अक्षरं: ‘ज्या दिवशी थॉर्नली उठून उभं राहिलं.’

अनावरणाला सगळं गाव लोटलं. ऊन पडलं होतं, बँड होता. डेपोच्या जुन्या भिंतीवर मखमलीचा पडदा लावला होता आणि दोरी ओढायला जसबीरला बोलावलं होतं. भाषणं झाली. म्हाताऱ्यांच्या रांगेत पुष्कळांच्या डोळ्यांत पाणी होतं. जसबीर पुढं गेली. दोरी तिनं हातात घेतली, पण ओढली नाही. ध्वनिक्षेपकापाशी जाऊन तिनं विचारलं, “सगळे उठले होते, तर माझ्या वडिलांचा डोळा कोणी घेतला?”

कोणाला प्रश्नच कळला नाही. शेवटी फ्रँक सग्डन रांगेतून पुढं आला. तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “कुठला डोळा, पोरी? त्याचे दोन्ही डोळे छान होते.”

जसबीरनं पिशवीतून फोटो काढून त्याच्यापुढं धरला. फ्रँकनं चष्मा वर करून नीट पाहिलं. मग त्याचा चेहरा उजळला. “अगं, डोळा मिचकावतोय तो. तसाच होता करनैल. सदा मस्करी.”

फोटो रांगेतून फिरला. प्रत्येकानं पाहिला, प्रत्येक जण हसला. हो की, मिचकावतोय.

जसबीरनं दोरी सोडून दिली. ती पायऱ्या उतरून रत्नमालाबाईंपाशी आली, आणि पडदा न उघडलेल्या त्या भिंतीपुढं बाई काठीवर भार देऊन उभ्या राहिल्या.

“कोणी उठलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण अपघात विभागात गोंगाटावर आवाज चढवायची त्यांना सवय होती. “तुम्ही बसून होतात. भीती वाटली होती, म्हणून बसलात. त्याची लाज तुम्हाला साठ वर्षं पुरली होती. त्या लाजेपायी तू पुढं रोज करनैलला घरी सोडायचास, फ्रँक. तीही आता गेली. कोणी उठलं नव्हतं.”

गर्दीत कुजबुज झाली. मग भास्करराव त्यांच्याजवळ आले, त्यांचा दंड हळूच धरला, आणि माणसांकडे वळून दिलगिरीच्या सुरात म्हणाले, “राग मानू नका. हिला अलीकडे नीट आठवत नाही.”

लोकांनी समजून घेतलं. कोणीतरी खुर्ची आणून दिली. बाई खुर्चीत बसल्या नाहीत. बँड पुन्हा सुरू झाला आणि समितीच्या कोणीतरी पडदा ओढला.

घरी आल्यावर जसबीर मागच्या अंगणात एकटी जाऊन बसली. मृदुला खांडगे दारापर्यंत आली, ‘मावशी, मला हे असं होईल असं वाटलं नव्हतं,’ एवढंच म्हणाली. केंद्र बंद करशील का, असं बाईंनी विचारलं. तिनं नकारार्थी मान हलवली. बंद केलं तर गावातली निम्मी माणसं पुन्हा खिडकीशी बसतील आणि घास गिळायला विसरतील. तेही खरंच होतं. बाईंनी तिला आत बोलावलं नाही, पण दारही आपटलं नाही.

भास्करराव दिवसभर खुशीत होते. संध्याकाळच्या चहाला त्यांनी पुन्हा ती गोष्ट काढली. “अख्खी बस उठली होती, रत्ना.”

“नव्हती उठली,” बाई म्हणाल्या.

“मी होतो ना तिथं. करनैल पुढं, सगळे उभे...” ते बोलता बोलता अडखळले. कपाळाला आठी पडली. “सगळे उभे. पण मग मी काय करत होतो?”

साच्यात याचं उत्तर नव्हतं. ते त्या बसमधल्या मूठभर माणसांनीच पाहिलं होतं, त्यामुळे सरासरीत आलं नव्हतं. भास्कररावांनी दोन्ही हात उचलून छातीशी नेले, तिथं काही शोधल्यासारखे. महिन्यांमागून महिने न दिसलेली भीती त्यांच्या तोंडावर आली. बाईंना ती पाहवेना. हा माणूस शीळ घालायला लागला होता.

“सांगू का?” त्यांनी विचारलं. “नको म्हणालात तर नाही सांगत. चहा घ्या नि झोपा.”

भास्कररावांनी कप बाजूला सारला.

“सांग,” ते म्हणाले.

बाईंनी सांगितलं, तेव्हा त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं तसं. दोघांनी तुम्हाला धरलं होतं, तुम्ही सुटायची धडपड करत होतात, करनैलच्या नावानं ओरडत होतात. यंत्राचा पट्टा ओढल्यामुळं तुमच्या मानेवर वळ उठला होता, त्याला मी औषध लावलं. भास्करराव ऐकत होते. अध्येमध्ये नाही, असं नव्हतं, असं म्हणत होते. बाई म्हणत, म्हणा नाही, पण ऐका. शेवटी ते टेबलावर डोकं टेकून रडले, आणि बाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तो हात काढून टाकावा असं भास्कररावांना क्षणभर वाटलं असावं. त्यांनी तो राहू दिला.

मंगळवारी केंद्राची गाडी आली, तेव्हा ते कोट घालून तयार होते. बाईंनी त्यांना अडवलं नाही. मफलर नीट करून दिला. गाडी वळणाआड गेली तशी जसबीर दारात आली. आज परत आले की त्यांना यातलं काही राहिलेलं नसेल, हे तिलाही कळत होतं. असं किती दिवस चालवणार, असं तिनं विचारलं.

“ते विचारतील तोवर,” रत्नमालाबाई म्हणाल्या. “आज ते घरी येतील तेव्हा अख्खी बस पुन्हा उठलेली असेल. उद्या मी सगळ्यांना खाली बसवीन.”